मेंदू वाचताय की जबडा?

प्रश्न : डोक्यावरच्या आठ इलेक्ट्रोडच्या ईईजीवरून (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीवरून) माणूस बोलतोय, खातोय की गप्प बसलाय, हे आमचं संगणकी मॉडेल ९५ टक्के अचूक ओळखतं. दुसऱ्या दिवशीच्या नोंदींवर मात्र पार कोलमडतं. असं का? – एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नोंदींचे एकमेकांवर चढलेले दोन-दोन सेकंदांचे तुकडे पिसून तुम्ही ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये वाटलेत. शेजारचे तुकडे जवळपास सारखेच, म्हणजे पेपर आधीच फुटला! विभागणी दिवसानुसार करा. शिवाय इलेक्ट्रोडची टोपी रोज थोडी सरकते.

खरी शंका जबड्याची. ईईजी जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा. मिसळीबरोबरचा पाव चावताना कानशिलाचा स्नायू त्याच्या कितीतरी पट सिग्नल देतो, तोही २० हर्ट्झच्या वर जास्त. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर विजेची गुणगुण काढतो, स्नायू नाही. फक्त टी७ आणि टी८ या कानशिलांजवळच्या दोन इलेक्ट्रोडवर मॉडेल चालवा. अचूकता तेवढीच राहिली तर संशय पक्का. मग गालावर वेगळा इलेक्ट्रोड लावून जबड्याचीही नोंद घ्या.