कॅलिफोर्नियात हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या सार्वजनिक महाविद्यालयाचे) वर्ग घेता येतात का?

होय, घेता येतात. त्यासाठी पालकांची संमती आणि मुख्याध्यापकांची शिफारस लागते. एरवी प्रत्येक युनिटला (म्हणजे श्रेयांकाला) ४६ डॉलर शुल्क पडते, परंतु हायस्कूलच्या विद्यार्थ्याने सत्रात ११ युनिटांपर्यंतच विषय घेतले, तर बहुतेक कॉलेजे ते माफ करतात. पुस्तकांचा खर्च मात्र बहुधा आपल्यालाच करावा लागतो. माझ्या मते खरी काळजी श्रेणीची घ्यावी, कारण ती कॉलेजच्या कायमस्वरूपी नोंदीत राहते आणि पुढे विद्यापीठात प्रवेश घेताना दाखवावीच लागते. म्हणून पहिल्या सत्रात मुलाच्या आवडीचा एकच विषय निवडावा, आणि तो झेपत नसल्यास कॉलेजने ठरवलेल्या मुदतीपूर्वीच सोडावा. कॉलेजात मिळवलेले श्रेयांक कॅलिफोर्निया विद्यापीठात धरले जातात का, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आधी तपासावे.