हिटलरचा वास्तुविशारद अल्बर्ट श्पेअर गरिबीतून वर आला होता का?

मुळीच नाही, उलट तो चांगल्या खात्यापित्या घरचा मुलगा. 1905 साली मानहाइममध्ये जन्म. वडील आणि आजोबा दोघेही वास्तुविशारद, आई माइन्झच्या श्रीमंत व्यापारी घराण्यातली. चौदा खोल्यांचं घर, गणवेशातले नोकर, शिकवायला फ्रेंच बाई. 1918 मध्ये कुटुंब हायडेलबर्गला, तिथल्या किल्ल्याच्या वरच्या बाजूच्या टेकडीवर राहायला गेलं. त्याला गणित शिकायचं होतं, पण वडिलांनी वास्तुकलेकडे वळवलं.

1923 च्या महागाईत जर्मन मार्काची किंमत कागदाएवढीही उरली नव्हती. लोकांची आयुष्यभराची पुंजी बुडत होती, आणि या पोराला घरून महिन्याला 16 डॉलर मिळायचे. त्यात तो ऐटीत राहिला, हे त्यानंच आठवणींत लिहिलंय. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते, कारण ‘भुकेनं लोकांना नाझी केलं’ हे उत्तर त्याला लागूच पडत नाही.

घरात प्रेमाचा ओलावा मात्र कमीच होता. 1928 मध्ये त्यानं मार्गारेट वेबरशी लग्न केलं. ती आपल्या तोलामोलाची नाही म्हणून आईला ते पसंत नव्हतं. 1931 मध्ये तो नाझी पक्षात गेला. 1942 पासून शस्त्रास्त्रमंत्री म्हणून त्यानं लाखो वेठबिगारांना राबवलं, आणि युद्धानंतर न्यूरेंबर्गला चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात त्याला मुख्यतः त्यासाठीच 20 वर्षांची शिक्षा झाली.