तीन तासांच्या गप्पांवर विश्वास ठेवण्याआधी

आरोग्यावरचा पॉडकास्ट ऐकताना पाहुण्याच्या नावामागचं 'डॉक्टर' पाहून भुलू नकोस. पदवी कोणत्या विषयातली ते बघ. "संशोधन सांगतं" असं कानावर पडलं की तिथेच थांबव, वेळ टिपून ठेव आणि पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, तो शोधनिबंध काढ. प्रयोग उंदरांवर की माणसांवर, किती जणांवर, हे बहुतेकदा सारांशातच सापडतं.

मुलाखतकाराची खरी परीक्षा उलटप्रश्नात. तो नुसता "कमाल!" म्हणून पुढे सरकला की दावा न तपासताच लोकांच्या घरात पोचतो, आणि मग कुणीतरी चालू औषध बंद करतं. ब्रिटिश उद्योजक स्टीव्हन बार्टलेटच्या पॉडकास्टचे आरोग्यावरचे 15 भाग बीबीसीने 2024 मध्ये तपासले, तेव्हा भागामागे सरासरी 14 घातक, पुराव्याविरुद्धचे दावे निघाले.

आणि हो, खालच्या वर्णनातल्या लिंका उघडून बघच. पाहुणा स्वतःच्याच गोळ्या विकतोय का, ते तिथे कळतं.