काशिमावो या योरुबा नावाचा अर्थ काय, ते कुठून आलं आणि आता इतकं कमी का ऐकू येतं?

तुमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या नायजेरियन सहकाऱ्याचं मधलं नाव 'काशिमावो' आहे, तुम्हाला ते आधी जपानी वाटलं, आणि शोधल्यावर 'बघू या' एवढाच अर्थ सापडला. असं नाव कोणी आपल्या मुलाला का ठेवेल आणि ते इतकं विरळ का, हा तुमचा प्रश्न.

अर्थ बरोबर सापडलाय, पण अर्धाच. योरुबा म्हणजे नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडचे लोक आणि त्यांची भाषा. त्यांची नावं बहुतेक अख्खी वाक्यं असतात, आणि हे तर चार शब्दांचं वाक्य आहे. 'का' म्हणजे आपण सगळ्यांनी, 'शि' म्हणजे अजून, 'मा' म्हणजे करत राहायचं, 'वो' म्हणजे पाहणं. 'अजून पाहत राहू या.' काय पाहत राहायचं? तर हे मूल जगतंय का ते.

मी लागोसजवळ इकेजाला एका कारखान्यात पगारपत्रकाचं काम बघत होतो. रोज शेकडो योरुबा नावं डोळ्यांखालून जायची आणि विचारल्याशिवाय मला राहवायचं नाही. तिथल्या वयस्क मंडळींनी फार प्रेमाने समजावून सांगितलं. त्यांच्यात एक म्हण सारखी तोंडी येते: घर पाहावं आणि मग मुलाला नाव द्यावं. म्हणजे मूल कुठल्या परिस्थितीत आलं, घरात त्या वेळी काय चाललं होतं, हे नावात उतरलं पाहिजे. जुळ्यातलं आधी आलेलं मूल ताइवो, मागून आलेलं केहिंदे. पायाळू जन्मलं तर इगे. पालथं जन्मलं तर अजायी. ही नावं मूल 'स्वर्गातून घेऊनच येतं', आईबापांना निवड नसते. बाकीची नावं जन्मानंतर दिली जातात. काशिमावो या दुसऱ्या प्रकारातलं, पण त्यातल्याही एका वेगळ्या आणि दुखऱ्या गटातलं आहे.

त्या गटाला म्हणतात अबिकू. शब्दाचा अर्थ 'मरण्यासाठी जन्मलेलं'. एखाद्या बाईची मुलं एकामागून एक तान्हेपणीच जात असतील, तर जुनी समजूत अशी की ही वेगवेगळी मुलं नाहीतच. एकच मूल पुन्हा पुन्हा तिच्या पोटी येतं आणि परत जातं, कारण वर त्याचे सवंगडी आहेत आणि त्यांना ते लवकर परतण्याचा शब्द देऊन आलंय. मग त्याला इथे अडवायचं कसं? पायात घुंगरांचे वाळे घालायचे, म्हणजे सवंगडी जवळ येत नाहीत. गेलेल्या मुलाच्या अंगावर खूण करायची, म्हणजे पुढच्या वेळी ओळखू येईल. आणि नाव असं ठेवायचं की ते ऐकून मुलाचा पाय निघू नये.

ही नावं मी एकदा वहीत उतरवून घेतली होती. मालोमो, पुन्हा जाऊ नकोस. दुरोजाइये, थांब आणि आयुष्य भोग. दुरोसिन्मी, थांब, मला पुरायला तू हवास. बांजोको, माझ्याजवळ बस. ही झाली विनवणीची. कोकूमो, आता मरत नाही. हे जणू आधीच जाहीर करून टाकायचं. मग लाज घालणारी: तिजुइकू, मरायची लाज बाळग. आणि चिडून, थकून ठेवलेली: इग्बेकोयी, याला तर रानसुद्धा घेणार नाही. अकिसातान, गुंडाळून पुरायला चिंध्यासुद्धा उरल्या नाहीत. एनुकुनोनिपे, सांत्वन करणाऱ्याचं तोंडही आता थकलं. कोसोको म्हणजे खड्डा खणायला कुदळ नाही. या नावाचा माणूस १८४५ ते १८५१ लागोसच्या गादीवर राजा म्हणून होता. ही यादी वाचताना मला ती नावं वाटत नाहीत. एका बाईने वर्षानुवर्षं एकाच मुलाशी केलेलं बोलणं ऐकतोय असं वाटतं.

आपल्याकडच्या धोंडू, दगडू, केरू, कचरू या नावांमागे पुष्कळदा हेच होतं, हे जुन्या घरांतल्या लोकांना सांगायला नको. मूल जगत नाही म्हणून त्याला टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे मृत्यूची नजर जाणार नाही. इग्बेकोयी आणि केरू हे सख्खे भाऊ म्हणावेत इतके जवळचे आहेत.

काशिमावो मात्र या सगळ्यांहून वेगळं आहे, आणि म्हणूनच ते मला सर्वांत जास्त भिडतं. यात विनवणी नाही, धमकी नाही, मृत्यूला फसवण्याचा डावही नाही. आईबाप फक्त म्हणतायत की आम्ही आताच काही बोलत नाही. योरुबांमध्ये आठव्या दिवशी बारसं होतं (जुन्या रीतीप्रमाणे मुलीचं सातव्या, मुलाचं नवव्या आणि जुळ्यांचं आठव्या दिवशी). मध, मीठ, कोला-फळ, पाणी बाळाच्या ओठांना लावतात आणि आजी-आजोबांसह सगळे थोर आपापलं नाव सांगतात. हे त्यांचं आनंदाचं मोठं घरगुती कार्य. त्या दिवशी जमलेल्या नातेवाइकांसमोर 'अजून पाहत राहू या' असं नाव उच्चारायचं म्हणजे त्या घराने काय सोसलं असेल!

या नावाचं जगाला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे नायजेरियातले उद्योगपती आणि राजकारणी एम. के. ओ. अबिओला. यातला 'के' म्हणजे काशिमावो. जन्म २४ ऑगस्ट १९३७, अबेओकुटा गावी. ते वडिलांचं तेविसावं अपत्य, आणि तान्हेपण ओलांडून जगलेलं पहिलं. मोशूद हे नाव त्यांना रीतसर मिळालं ते पंधराव्या वर्षी. म्हणजे पंधरा वर्षं घरच्यांनी खरोखरच 'पाहिलं'. त्यांचं तिसरं नाव ओलावाले, म्हणजे मान-वैभव घरी आलं. आडनाव अबिओला, म्हणजे वैभवात जन्मलेला. त्या नावांच्या मधोमध काशिमावो बसलंय.

लहानपणी जळाऊ लाकूड विकणारा हा मुलगा पुढे ग्लासगोला हिशेबशास्त्र शिकला, देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला आणि १२ जून १९९३ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला. लष्करी राजवटीने ती निवडणूक रद्द केली. त्यांनी आपला हक्क सोडला नाही म्हणून १९९४ मध्ये त्यांना अटक झाली आणि ७ जुलै १९९८ ला ते कैदेतच वारले. नायजेरियात लोकशाही दिन आधी २९ मे ला असायचा, तो २०१९ पासून १२ जूनला पाळतात, तो या माणसामुळे. तुमचा सहकारी १९९३ च्या आसपास किंवा नंतर जन्मलेला असेल, तर घरी कुठलाही मृत्यू झालेला नसताना निव्वळ अबिओलांच्या आदराने हे नाव ठेवलेलं असण्याचीही शक्यता आहे.

आता विरळ का. सर्वांत मोठं कारण चांगलं आहे: बालमृत्यू कमी झाले. १९९० च्या सुमाराला नायजेरियात हजारातली दोनशेहून जास्त मुलं पाचव्या वाढदिवसाआधी जात; आता तो आकडा जवळपास निम्म्यावर आलाय. अजूनही तो फार मोठा आहे, पण एका आईची ओळीने चार-पाच मुलं जाणं पूर्वीइतकं सर्रास राहिलेलं नाही.

अबिकू म्हणजे नेमकं काय होत असावं, याचाही उलगडा बराच झालाय. हिवताप, गोवर, अतिसार ही कारणं होतीच. त्यातल्या काही घरांत सिकल सेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, असणार असं पुष्कळ डॉक्टर मानतात, आणि मला ते पटतं. नायजेरियात साधारण चारातल्या एका माणसात त्याचा वाहक जनुक आढळतो. दोघेही आईबाप वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आधीच्या बाळाचे डोळे पिवळे झाले होते, हातपाय सुजून ते कळवळून रडायचं. पुढच्या बाळाचंही हुबेहूब तसंच. अशा आईला 'तेच मूल परत आलं' असं वाटलं तर त्यात अडाणीपणा कुठला? तिने जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त त्याला रक्ताच्या तपासणीची जोड नव्हती. नंदुरबार, गडचिरोलीकडे आदिवासी वस्त्यांत सिकल सेलवर काम करणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. आता नायजेरियात लग्न ठरवताना दोघांचा 'जीनोटाइप' (म्हणजे अंगात सिकल सेलचा जनुक आहे का ते) विचारण्याची पद्धत चांगलीच रुजली आहे, पुष्कळ चर्च तर अहवाल पाहिल्याशिवाय लग्न लावत नाहीत.

दुसरं कारण धर्माचं. ख्रिस्ती आणि मुस्लिम दोन्ही घरांत अबिकूची कल्पना मागे पडली. तरुण आईबाप 'ओलुवा' म्हणजे देव हा शब्द असलेली नावं पसंत करतात. मृत्यूचा उल्लेख असलेलं नाव मुलाला जन्मभर वागवायला लावू नये असंही अनेकांना वाटतं.

तरीही ही नावं पूर्ण गेलेली नाहीत, ती आडनावांत जाऊन बसली आहेत. मिशनच्या शाळा आणि इंग्रजी कचेऱ्या आडनाव मागू लागल्या तेव्हा बापाचं किंवा आजोबांचं नाव पुढे आडनाव म्हणून चिकटलं. म्हणून कोसोको, दुरोजाइये, मालोमो, बांजोको आज आडनावं म्हणून सहज भेटतात. काशिमावो तसं मला फार थोड्या वेळा दिसलं.

तुम्ही तुमच्या सहकाऱ्याला याबद्दल विचारणार असाल, तर 'तुझ्या आधी घरात कोणी गेलं होतं का' असा थेट प्रश्न नको. 'हे नाव कोणी ठेवलं?' एवढंच विचारा. आजोबांचं असेल तर तो सहज सांगेल, अबिओलांवरून असेल तर उत्साहाने सांगेल, आणि स्वतःचीच गोष्ट असेल तर किती सांगायचं ते त्याचं तो ठरवेल.

उच्चाराचंही सांगतो, कारण योरुबात स्वर चढवला-उतरवला की शब्द बदलतो. तिथे शाळेत मुलांना तो 'दो-रे-मी' म्हणत शिकवतात. 'का' वरच्या सुरात, 'शि' खाली, 'मा' पुन्हा वर आणि किंचित लांबवून, 'वो' खाली. ईमेलमध्ये हे नाव कधी 'कासिमावो' असंही दिसेल. योरुबा लिपीत 'श' साठी 'स' च्या अक्षराखाली टिंब देतात आणि कीबोर्डवर ते टिंब गळून पडतं. नाव तेच आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.