घर पत्नीच्या नावावर करून दिवाळखोरी?

डिचोलीहून एका वाचकाने लिहिलंय: केटरिंगचा धंदा बसला. बँकेचे 9 लाख, क्रेडिट कार्डाचे 3, पतसंस्थेचे 4 (मेहुणा जामीन) आणि एका खासगी सावकाराचे 2 लाख थकलेत. सावकाराकडे सहीचे तीन कोरे चेक आहेत. घर पत्नीच्या नावावर करून, मेहुणा अडकू नये म्हणून आधी पतसंस्था भागवून दिवाळखोरीचा अर्ज करावा का?

आधी एकच सांगतो, घराच्या कागदांना हात लावू नका. व्यक्तीच्या दिवाळखोरीला आपल्याकडे अजून 1920 चाच कायदा चालतो, अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. (कर्ज किमान 500 रुपयांचं हवं, ही अटही तेव्हाचीच!) हस्तांतर झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज आला आणि तुम्ही दिवाळखोर ठरलात, तर मोबदला न घेता दिलेली मालमत्ता रिसीव्हर (दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घ्यायला न्यायालयाने नेमलेला माणूस) परत मागू शकतो. वर लबाडीचा शिक्का बसतो आणि कर्जमुक्तीचा आदेश मिळणं कठीण होतं.

शिवाय तुम्ही गोव्यात आहात. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर आपल्या नागरी कायद्याने मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. म्हणजे निम्मं घर वहिनींचं आधीच आहे. मग त्या कागदाने मिळवणार काय? त्यांचा हिस्सा वाचेल की नाही, हे कर्ज संसारासाठी वापरलं की तुम्ही एकट्याने उचललं, यावर बरंच ठरेल. म्हणून पैसे कुठे गेले त्याच्या पावत्या, खात्याचे उतारे जपा. घर बँकेकडे गहाण आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर दिवाळखोरीने बँकेचा तो हक्क जात नाही.

मेहुण्याबद्दलची तुमची कळकळ समजते. पण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकालाच झुकतं माप दिलंत, तर तो व्यवहारही रद्द होऊ शकतो. आणि तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही. हे त्यांना आजच सांगा, पतसंस्थेच्या नोटिशीतून कळण्यापेक्षा बरं.

खरी धास्ती मला चेकांची वाटते. चेक परतला, नोटीस आली आणि 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दिवाळखोरीचा अर्ज ती थांबवत नाही, आणि ‘चेक कोरा होता’ एवढ्यावर सुटका नाही. नोटीस आली तर पाकीट परत पाठवू नका, लगेच उत्तर द्या. सावकाराला आजच रजिस्टर पोस्टाने हिशेब मागा, त्याच्याकडे परवाना आहे का तेही विचारा.

बँकेची माणसं रात्री फोन करतात म्हणता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन चालत नाहीत. तारीख-वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्र जप्त होत नाही, वहिनींना तेवढा धीर द्या.

अर्जापूर्वी बँकेशी आणि कार्डवाल्यांशी एकरकमी तडजोडीचं बोलून पाहा. ठरेल ते लेखी घ्या, फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही भरू नका. तडजोड नाही जमली तर सगळ्या देण्यांची यादी करून या. त्यात सावकारही हवा, लाजेपोटी त्याला गाळू नका. येताना वहिनींनाही आणा. घराबाबत काहीही ठरवायचं तर त्यांचीही सही लागणार.