प्रश्न: मुलगा रात्रभर 'गो'चा बॉट चालवतो, त्याला लातूरला रिपीटर बॅचला टाकू का?

कोल्हापूरहून एका वडिलांचं लांबलचक पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. त्यांचं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे. मुलाला बारावी सायन्सला ७१ टक्के आणि सीईटीला ८४ पर्सेंटाइल. गेलं वर्षभर तो रात्री लॅपटॉपवर 'गो' या पटावरच्या खेळाचा प्रोग्राम, म्हणजे आपोआप खेळणारा बॉट, एका ऑनलाइन गेम सर्व्हरला जोडत बसतो. वडिलांनी त्याची वही उघडली, त्यात विचित्र अक्षरं-आकडे दिसले, त्यांना वाटलं सट्टा, आणि तेव्हापासून रात्री अकराला राउटर बंद. महिना झाला पोरगं घरात धड बोलत नाही. विचारलंय की लातूरला रिपीटर बॅच लावू का, एआय ब्रँच मिळेल का, आणि हा बॉट सर्व्हरवर डॅन रँकला, म्हणजे गोमधल्या वरच्या श्रेणीला, पोचलाय म्हणे, तर ते मुलाच्या नावावर दाखवून स्पोर्ट्सचं सर्टिफिकेट निघेल का.

नमस्कार,

मार्कांचं नंतर बघू. मार्क तुम्ही एका ओळीत लिहिलेत आणि त्याच्या सीओईपीतल्या चुलतभावाबद्दल अख्खा परिच्छेद, त्यावरूनच घरात काय चाललंय ते कळलं. ८४ पर्सेंटाइलने कुणाचं आयुष्य बिघडत नाही हो, पण अठरा वर्षांचं पोरगं महिनाभर आईशीसुद्धा बोलत नाहीये हे मला जास्त गंभीर वाटतं, आणि तुम्ही ते 'हल्ली जरा घुम्या झालाय' एवढ्यावर उरकलंय. ज्याची वही त्याच्या माघारी उघडली, फोटो काढून माझ्यासारख्या परक्या माणसाला पाठवला, आणि ज्याला एकदाही 'हे काय आहे रे' असं सरळ विचारलं नाही, तो घुम्या होणार नाही तर काय होणार?

आता त्या फोटोबद्दल, कारण तो बघून मला खरंच बरं वाटलं. पानावर एका ओळीत 'जेनमूव्ह बी', खाली बरोबरचं (=) चिन्ह आणि 'क्यू १६', त्याच्याखाली लाल पेनाने दोनदा अधोरेखित 'फ्लश!!' आणि कोपऱ्यात 'आय नाही!!'. हा सट्टा नाही, मटका तर नाहीच. याला जीटीपी म्हणतात, म्हणजे गो खेळणाऱ्या प्रोग्रामशी बोलायची ठरलेली भाषा. समोरून आज्ञा येते की काळ्याची चाल दे, प्रोग्राम उत्तर देतो की क्यू १६, म्हणजे उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याजवळचा बिंदू. उत्तराआधी बरोबरचं चिन्ह असेल तर काम झालं, प्रश्नचिन्ह असेल तर काहीतरी चुकलं. 'आय नाही' म्हणजे १९ बाय १९ च्या पटावर उभ्या रेघांना नावं देताना आय हे अक्षर गाळतात, एच नंतर थेट जे. हे लक्षात राहिलं नाही की पटाच्या डाव्या बाजूला सगळं ठीक दिसतं आणि उजव्या बाजूची प्रत्येक सोंगटी एक घर सरकून पडते, मग माणूस डोकं धरून बसतो की आपला बॉट अर्धा शहाणा आणि अर्धा खुळा कसा. आणि 'फ्लश' म्हणजे साठलेलं उत्तर लगेच पुढे ढकलायची आज्ञा; ती विसरली की प्रोग्रामने उत्तर तर दिलंय पण ते मधेच बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकून बसलंय, सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, दोन्हीकडचे प्रोग्राम एकमेकांची वाट बघतायत आणि घड्याळ पळतंय. या एका ओळीपायी भल्याभल्या इंजिनिअरांच्या रात्री गेल्यात. तुमच्या मुलाने ती चूक स्वतः शोधली, लाल पेनाने लिहून ठेवली, आणि तुम्ही राउटर बंद केला.

राउटर बंद केल्यावर नेमकं काय होतं तेही सांगतो. बॉटचं कनेक्शन तुटतं, सर्व्हरवरचं घड्याळ मात्र चालूच राहतं, वेळ संपला की बॉट हरला. पलीकडे खेळत बसलेला खराखुरा माणूस असतो, कुठल्या देशातला कोण जाणे, तो वैतागतो. आणि हा सगळा हिशोब मुलाच्या बॉटच्या नावावर जमा होतो. त्याच्या दृष्टीने तुम्ही रोज रात्री अकराला चालू दुकानाचं शटर ओढताय. (रात्री जागू नये हे मलाही मान्य आहे, पण मग तसं बोलून वेळ ठरवा ना.)

तुमचा खरा गैरसमज पत्राच्या शेवटी आहे. तुम्ही लिहिलंय, 'खेळणारं इंजिन काटागो, ते फुकट डाउनलोड केलेलं, सर्व्हर परदेशातल्या लोकांचा, मधला जोडणारा प्रोग्रामही आयता मिळतो, मग यात याने केलं काय?' साहेब, तुम्ही हे विचारावं? तुमच्या ऑफिसात ट्रक दुसऱ्याचा, माल दुसऱ्याचा, गोडाऊन दुसऱ्याचं, आणि तरी तुमची बिल्टी फाटल्याशिवाय माल हलत नाही. माल वेळेवर, न फुटता, बरोबर पत्त्यावर पोचवायची जबाबदारी घेतो म्हणून हुंडेकऱ्याला पैसे मिळतात, आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात निम्म्याहून जास्त काम मला याच जातीचं दिसतं. काटागो हे २०१९ पासून खुलं असलेलं इंजिन आहे, ते माणसाच्या कितीतरी पुढे खेळतं, पण त्याला सर्व्हर म्हणजे काय हेच माहीत नसतं. समोरच्याला हँडिकॅप, म्हणजे सुरुवातीच्या जादा सोंगट्या, किती द्यायच्या, कोमी, म्हणजे दुसऱ्यांदा खेळणाऱ्या पांढऱ्याला मिळणारे भरपाईचे गुण, साडेसहा की साडेसात, घड्याळात किती सेकंद उरले, डाव संपल्यावर कुठल्या सोंगट्या मेलेल्या धरायच्या, मधेच लाइन गेली तर डाव पुन्हा कुठून उचलायचा, हे सगळं जोडणाऱ्याने बघायचं. शिवाय त्याच्याकडे साधा लॅपटॉप, ग्राफिक कार्ड नाही, म्हणजे इंजिनला विचार करायला किती मोकळं सोडायचं याचाही हिशोब त्यानेच बसवला असणार, नाहीतर प्रत्येक डाव वेळेवर हरला असता. बँकेचं पेमेंट गेटवे जोडणारे, हॉस्पिटलची लॅब मशीन कॉम्प्युटरला जोडणारे लोक पगार घेऊन हेच करतात.

स्पोर्ट्स सर्टिफिकेटबद्दल मात्र मला राग आलाय, स्पष्टच सांगतो. ती रँक बॉटची आहे. तुमच्या मुलाने नियमाप्रमाणे बॉटचं वेगळं खातं काढलं, सर्व्हर चालवणाऱ्यांना सांगून त्यावर बॉट असा शिक्का मारून घेतला, मग त्याला जोडायची चावी, म्हणजे परवानगीचा कोड, मिळाली. सगळं उघड आहे. आणि तुम्ही म्हणताय ते मुलाच्या नावावर दाखवू. २०२० मध्ये कोरियात एका तेरा वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूने ऑनलाइन सामन्यात एआयची मदत घेतली म्हणून तिला वर्षभर बंदी झाली. गो खेळणाऱ्या जगात याहून मोठी नाचक्की नाही. तुमच्या मुलाला हे पक्कं ठाऊक असणार, आणि तुम्ही त्याच्यापाशी हा विषय काढला असेल तर तो का बोलत नाही याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आता एक गोष्ट मुलासाठी, हे त्याला वाचायला द्या. बाळा, तू केलंस ते चांगलं आहे, पण ते एआय नाही. काटागोला खेळायला शिकवणारे वेगळे, ते चालवणारा तू वेगळा, इंटरव्ह्यूला 'मी गोचं एआय बनवलं' म्हणालास तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडशील. 'मी जीटीपी इंजिन सर्व्हरला जोडलं, हे अडथळे आले, हे असे सोडवले' असं म्हणालास तर समोरचा खुर्चीत पुढे सरकून ऐकेल. आणि खरंच इंजिनची ओढ असेल तर ९ बाय ९ च्या पटासाठी स्वतःचं छोटं इंजिन लिही, माँटे कार्लो पद्धतीचं, म्हणजे अंदाजपंचे खूप डाव खेळून बघून चाल निवडणारं. रेमी कुलोम यांच्या क्रेझी स्टोन या गो इंजिनने याच पद्धतीवर २००६ च्या कॉम्प्युटर ऑलिम्पियाडमध्ये ९ बाय ९ जिंकलं होतं. २०१६ ला सोलमध्ये गूगल डीपमाइंडचं अल्फागो हे इंजिन कोरियन गो खेळाडू ली सेडोलशी खेळत होतं तेव्हा पटावर त्याच्या सोंगट्या ठेवणारे आजा हुआंग, त्यांच्या डॉक्टरेटला या कुलोम यांचंही मार्गदर्शन होतं, आणि त्यांनी आधी स्वतःचं एरिका नावाचं इंजिन लिहिलं होतं. तुझं इंजिन सुरुवातीला सपाटून हरेल, हरू दे, जोडायचा पूल तर तुझ्याकडे तयारच आहे. तीन महिने त्यात रमलास तर एआयचा विचार कर, कंटाळलास तर तुझा जीव नेटवर्क आणि सिस्टीममध्ये आहे असं समज, आणि तिकडे कामाला तोटा नाही.

वडिलांसाठी राहिलेलं. लातूरला टाकू नका. रिपीट करणारा मुलगा स्वतः म्हणतो तेव्हाच वर्ष सत्कारणी लागतं, आणि याने तसं म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही. सीईटीच्या मार्कांवर कॅप राउंडला कॉम्प्युटर, आयटी, नाही जमलं तर ईएनटीसी, आसपासच्या जिल्ह्यात काहीतरी नीट मिळेल. एआय-एमएल असं नाव लावलेल्या ब्रँचसाठी अनोळखी कॉलेजला जादा फी भरू नका, पहिलं वर्ष तर सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं. कॉलेज बघताना लॅब संध्याकाळी उघडी असते का आणि सीनियर मुलं स्वतःचं काही बनवतात का, एवढं मुलाला तिथल्या पोरांकडून विचारून यायला सांगा. त्यालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका.

आणि राउटरचं आजच मिटवा. बॉट रात्री चालायला मुलाने जागं असायची गरजच नसते, डाव घ्यायचे तास ठरवून देता येतात, चालू डाव संपवून नवे न घेता थांबवताही येतो. हे कसं करतात ते त्यालाच विचारा. वही बघितल्याचं आधी सांगून टाका मात्र, ते त्याला दुसरीकडून कळायला नको.