आईच्या हातातलं काम

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून ती ओसरीपर्यंत येते, हे वाचून जिवाला बरं वाटलं. पुढचं वाचून मात्र मी थबकले. ‘झाडलोट, पाणी, स्वयंपाक यातच दिवस जातो बाई, हाती काहीच लागत नाही,’ असं लिहिलंस. सोबतची पोरं पुण्याच्या अभ्यासिकेत पुढं चालली आणि आपण गावात भांडी घासतोय, ही सल मला कळते. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

घरकामात आनंदच आनंद असतो, असं मी तुला सांगणार नाही. आपल्याकडं बायकांना ते फार ऐकवून झालंय. दिवसभर पऱ्हाटीत निंदण करून आलेली बाई अंधारात चूल पेटवते, तिला कामातला आनंद शिकवायला कुणी जाऊ नये. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुषच शंभरात सव्वीस. सगळं ओझं एकाच डोक्यावर असलं की त्यात रस कुठून राहणार? तुझ्या आईनं इतकी वर्षं जे एकटीनं ओढलं, ते आता तुझ्या हातात आलंय. वाटून घेतलेल्या कामातच जीव रमायला जागा असते. ती जागा तुला मिळाली आहे आणि तू तिच्याकडं पाठ करून बसला आहेस, याचं मला वाईट वाटतं.

तुझ्या पत्रात ‘उरकलं’ हा शब्द पुन्हा पुन्हा आलाय. सडा उरकला, पाणी उरकलं, भाकरी उरकल्या. उरकायचं म्हटलं की काम कधी दिसतच नाही, फक्त ते संपायची वाट दिसते. काम कसं चालतं हे एकदा कळू दे, मग बघ.

तुझी भाकर कडेला फाटते म्हणतोस. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या गार पाण्यानं पीठ एकमेकाला धरत नाही. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. मग तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं, अगदी मऊ होईपर्यंत. पीठ फार दिवसांचं असेल तर तेही बाद, म्हणून थोडंथोडं दळून आण. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरव आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत भाकर उलट. मग निखाऱ्यावर. ती टम्म फुगते तेव्हा आतल्या वाफेला बाहेर पडायला कुठंच फट राहिलेली नसते. म्हणजे तू कडा नीट थापल्यास, हे ती भाकरच तुला सांगते. शाबासकीसाठी निकालाच्या यादीकडं डोळे लावून बसावं लागत नाही. त्या क्षणी चेहऱ्यावर जे हसू येतं ना, ते दाबू नकोस.

वरणाचंही तसंच. आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं, जमिनीखालचं पाणीच खारं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर शिजवली तरी कणी राहते, कारण त्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट करून ठेवतं. म्हणून तर तुझी आई नळाच्या गोड्या पाण्याचा एक गुंड (हंडा) स्वयंपाकासाठी वेगळा झाकून ठेवते आणि त्याला कुणी हात लावला की ओरडते. लहानपणी तू तिला चिडखोर म्हणायचास. त्या गुंडामागं केवढी समज आहे, ते आता रोज वरण शिजवताना पाहा. माठावर पांढरे डाग धरतात तेही याच क्षारांचे. त्यांनी माठाची भोकं बुजली की पाणी झिरपत नाही आणि झिरपलं नाही की वाफ होऊन गार होत नाही. आतून-बाहेरून नारळाच्या शेंडीनं घासत जा. आपल्याकडचं ऊन कोरडं, म्हणून वैशाखात माठातलं पाणी असं थंडगार होतं; दमट हवेच्या गावांना हे सुख नाही.

आता तुझ्या दारात कुरड्यांचे दिवस आलेत. आईनं या वर्षी नको म्हटलं, असं लिहिलंस. तू हो म्हण. गहू भिजत घाल, तीन दिवस, पाणी रोज बदलायचं. घरभर आंबूस वास सुटेल, त्यानं बिचकू नकोस, तो वास हवाच. मग वाटून, गाळून चीक रात्रभर निवळू दे. पहाटे वरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं, खाली पांढरा घट्ट चीक बसलेला असतो. मोठ्या गंजात (पातेल्यात) मीठ घालून पाणी उकळ, त्यात चीक सोड आणि लाकडी दांड्यानं घाटत राहा. इथं दंडात ताकद लागते, आणि तुझ्या गल्लीतल्या आज्यांच्या दंडात ती आता उरलेली नाही. त्यांना तुझी फार गरज आहे. गाठी होऊ द्यायच्या नाहीत. चीक तुकतुकीत दिसला, ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की शिजला. ऊन चढायच्या आत सोऱ्यानं खाटेवरच्या धडप्यावर कुरड्या पाडायच्या.

हे एकट्याचं काम नाही. आज तुझ्याकडं, उद्या शेजारी, परवा पलीकडच्या वाड्यात, असं चालतं. मजुरीचा हिशेब कुणी मांडत नाही. आईला खुर्ची टाकून खाटेपाशी बसव. ती कामाला हात लावणार नाही, पण तोंडानं सगळं चालवेल, आणि चार बायका आल्या की तिचं दुखणं निम्मं होईल. गंजाला लागलेला गरम चीक वाटीत काढून, वर तेल आणि तिखट घालून खा. गल्लीतली पोरं त्यासाठी बरोबर वासावर येतील. त्यांच्यापुरता आधीच बाजूला काढ. दुपारी अर्ध्या वाळलेल्या कुरड्या चोरून खाणारीही तीच, त्यांना रागावू नकोस. राहिलेला चोथा म्हशीच्या आंबोणात जाऊ दे.

पोरगा असून कुरड्या घालतो म्हणून कुणी हसेल, ही भीती तू लिहिली नाहीस तरी मला ओळींमधून दिसली. आपल्याकडं शेतात रोडग्यांचा बेत असतो तेव्हा कणीक कोण तिंबतं? गवऱ्यांचा जगरा कोण लावतं? वांग्याच्या भाजीत सांबार (कोथिंबीर) आणि फल्लीदाण्याचा कूट कोण टाकतं? गडीमाणसंच. तेच घरी आल्यावर सराट्याला (उलथण्याला) हात लावत नाहीत. म्हणजे हातांना सगळं येतं, फक्त उंबऱ्याच्या आत यायला ते लाजतात. गाडगेबाबा १८७६ साली आपल्याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावला जन्मले. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या नावानं सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, चौकाचौकात त्यांचे फोटो लागले. त्या फोटोला हात जोडणाऱ्या कुणाकडूनही आपल्या अंगणातल्या खराट्याची लाज ऐकून घेऊ नकोस.

अभ्यासाचं विचारलंस. पहाटेचे दोन तास आणि दुपारी आई निजल्यावर, एवढा वेळ घट्ट धरून ठेव आणि त्या वेळात कुणी काम सांगितलं तर नाही म्हण. पण भाकरी थापताना मनात चालू घडामोडी घोकू नकोस. धड भाकर होत नाही आणि धड पाठांतरही. कोठ्यातलं शेण काढायला जाशील तेव्हा फोन घरात ठेवून जा. वासराची जीभ हाताला किती खरखरीत लागते, हे फोन कानाला असला की कळत नाही.

आणि एक गोष्ट आजच कर. आईजवळ बस आणि विचार, की तुला आयुष्यात कोणतं काम कधीच आवडलं नाही. ती आधी म्हणेल, ‘कायचं नावडतं बापा, मी तं सगळंच करतो.’ तेवढ्यावर उठू नकोस, पुन्हा विचार. सांगेल. माझा अंदाज आहे, चुलीवर काळी झालेली गंजं घासण्याचं नाव घेईल. जे सांगेल ते काम कायमचं तुझं. तिचा गुडघा बरा झाल्यावरही तुझंच, आणि उद्या साहेब होऊन सुटीत घरी आलास तरी तुझंच. गंजांचं निघालं तर एक लक्षात ठेव: चुलीवर चढवायच्या आधी बुडाला बाहेरून राखेचा ओला लेप दे, काजळी त्या लेपासकट निघते आणि घासायला निम्मा वेळ लागतो.

कुरड्या झाल्या की कळव. आईला नमस्कार सांग.

तुझी,
बाई